गप्प राहण्याचं काम

मला मुतखडा झाला, ही बातमी घरात कुणी गंभीरपणे घेतलीच नाही. मी पाण्याचा टँकर चालवतो. निम्मं आयुष्य लोकांच्या टाक्या भरण्यात गेलं, पण स्वतः पाणी प्यायचा मला भारी कंटाळा. प्यालं की गाडी कुठंतरी थांबवावी लागते.

बायको म्हणाली, "गावभर पाणी वाटता आणि पोटात दगड पिकवता. धन्य आहात."

"अगं हसतेस काय, जीव जातोय माझा."

"जाईल कुठं? दगडाला धरून बसलाय."

तर गेलो मोठ्या दवाखान्यात. तिथं मला तपासायला एक डॉक्टरीणबाई आल्या. वय पस्तिशीचं, केस कचकचून बांधलेले. तिथल्या कागदाच्या पाठीवर त्यांनी घेवड्याच्या दाण्यासारखी किडनी काढली आणि अगदी खालच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला. तो माझा खडा.

मला गप्प बसवत नाही. चौकशी केली तर कळलं, बाई मुळातच सर्जन. त्यांच्या गावी पोटं उघडून ऑपरेशनं करणाऱ्या. इथं वर्षभर पुन्हा शिकायला आल्या होत्या.

"परत शाळेत? नापास झाला होता काय?"

बाई हसल्या. "चिरून खडा काढता येतो मला, काका. पण कुठंही न चिरता लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण किडनीत न्यायची, आत वाकवायची आणि लेझरनं खडा फोडायचा, हे हातात बसायला वेळ लागतो."

"मग बसलं का?"

"आल्या आल्या दुर्बीणच फोडली. टोक वाकलेलं असताना लेझरची तार आत ढकलली, ती दुर्बिणीचीच कूस फाडून बाहेर. आधी सरळ करायची, मग तार घालायची, मग वाकवायची. एवढीच गोष्ट. पण घाई झाली की हेच विसरतं माणूस."

"सर ओरडले असतील."

"सर ओरडत नाहीत. 'हं' म्हणाले."

ह्या सरांना दवाखान्यात सगळे मागून 'हंसर' म्हणायचे. माणूस मोठा, पण बोलणं एवढंच. चांगलं झालं तरी हं, वाट लागली तरी हं. कुठला हं कुठला, ते ओळखण्यात शिकणाऱ्यांचं वर्ष जायचं.

मी आणखी खोदलं. बाई सांगत नव्हत्या, पण मी पाना लावून बसलो की नट सुटतोच. त्यांचं वर्ष आता संपत आलं होतं. ठरलेल्या केसेस स्वतःच्या हातानं पूर्ण झाल्या की सर सही देणार. माझी केस शेवटची. पण नियम असा, की मध्ये सरांनी दुर्बिणीला हात लावला तर केस सरांची. मग बाईंचा मुक्काम वाढला. घरी लहान मुलगी, आजीपाशी. ती आता आईला फोनमध्ये राहणारी बाई समजायला लागली होती.

बायको बाहेर आल्यावर माझ्या कानाशी लागली. "अहो, मोठ्या सरांनाच करायला सांगा. तुमच्यावर कशाला शिकायचं कुणी?"

खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. पण तोंडातून निघालं, "सर शेजारी बसणार आहेत ना. करू दे तिला." आणि बायकोनं असं बघितलं की भूल द्यायची गरज पडू नये.

मला कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला. वरचा शाबूत, म्हणजे तोंड चालू. समोरच्या पडद्यावर माझीच किडनी. गुलाबी, ओली, एखाद्या गुहेसारखी. तळाशी खडा पडलेला, मळकट पिवळा. एवढ्याशा गोट्यानं मला लोळवलं होतं.

हंसर कोपऱ्यात स्टुलावर, हात मागे बांधून.

मी भूलवाल्या डॉक्टरला टँकर उलटला होता तो किस्सा सांगायला घेतला. रंगात आलो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "काका, बोलू नका. तुम्ही बोललात की किडनी वरखाली होते. खडा पळतोय."

पडद्यावर बघितलं तर खरंच. मी बोलतोय तसा खडा नाचतोय. गिळला किस्सा.

बाईंनी तारांची इवलीशी टोपली आत सोडली आणि खडा धरला. तळाशी फोडायला अडचणीचं पडतं, म्हणून उचलून किडनीच्याच वरच्या कप्प्यात न्यायचा होता. निघाला की. पण मधल्या गळ्याशी येऊन टोपली अडकली. पुढं जाईना, उघडेना. खडा बाटलीतल्या बुचासारखा बसला.

यंत्राची पिकपिक तेवढी.

अशा वेळी हिसका दिला तर आतलं फाटतं, हे त्यांनीच मला चित्र काढताना सांगितलं होतं. आणि बाईंचा हात चिरफाडीतला, जोराचा. मनगट ताठ झालेलं मला दिसत होतं.

कोपऱ्यात रबर ताणल्याचा आवाज झाला. हंसरांनी हातमोजे चढवले होते. उठले, बाईंच्या खांद्यापाशी आले आणि म्हणाले, "हं?"

हा हं मलासुद्धा कळला. देतेस का?

बाईंनी मान हलवली, नाही. हात सैल सोडला. मग मला म्हणाल्या, "काका, मगाशी किडनी हलवत होता ना? आता हलवा. मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा."

घेतला. छाती भरली तशी पडद्यावरची गुहा खाली सरकली. बाईंनी टोपली ओढली नाही, आल्या वाटेनंच हलकेच मागं लोटली. गळा ढिला पडला, टोपली उघडली, खडा टपकन तळाला.

"सोडा श्वास."

सोडला. सगळ्या खोलीनं सोडला.

"आहे तिथंच फोडते," बाई म्हणाल्या, टोपली बाहेर काढली आणि लेझरच्या तारेसाठी हात पुढं केला. सिस्टरनं तार दिली. दुर्बीण आत वाकलेलीच होती. हंसरांनी तोंड उघडलं. बाई थांबल्या. टोक सरळ केलं. मग तार घातली. मग वाकवलं.

हंसरांनी तोंड मिटलं, हातमोजे काढून बादलीत टाकले आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

पुढं खड्याचा भुगा होईपर्यंत मी चिडीचूप. लग्नातसुद्धा एवढा गप्प नव्हतो. नाकाला खाज सुटली, तीही तशीच जिरवली.

सकाळी दोघं वॉर्डात आले. बाईंचे डोळे सुजलेले, झोप झाली नसावी. बायकोला म्हणाल्या, "कोपऱ्यात एक बारीक कण राहिलाय. त्याच्यामागं लागले असते तर रक्त आलं असतं, म्हणून सोडला. पाणी पीत राहिले की निघून जाईल."

मला वाटलं, झालं, स्वतःच बोलून घालवली सही. बाई सरांकडे बघेनात, माझ्या सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिल्या. म्हणून मीच विचारलं, "साहेब, मग केस कुणाची धरायची?"

हंसरांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "तिची," म्हणाले. "मी हात कुठं लावला?" आणि पुढच्या खाटेकडे गेले.

बाई तिथंच उभ्या. मग घाईघाईनं खिशातून फोन काढत बाहेर पळाल्या.

बायकोनं तांब्या माझ्यापुढं आदळला. "हं," म्हणाली. मी मुकाट्यानं प्यालो.