गोजराबाईचं बाळंतपण

वांग्याच्या देठाचा काटा अंगठ्यात मोडला होता, त्याचं काळं टोक कातडीखाली दिसत होतं... चतुरा ते नखाने वर ढकलत बसली, म्हणजे कस्तुराबाईकडे बघावं लागत नव्हतं.

"काय वं चतुरे, भाऊ झाला म्हणे तुले?" शेजारी मिरच्यांचा ढीग लावून बसलेली कस्तुराबाई म्हणाली. "गोजरीनं तं कमालच केली बाप्पा! पोरीच्या लग्नाच्या वक्ताले सोताच बाळंतीण!"

"हो ना," चतुरा म्हणाली.

केनवडच्या बाजारात सकाळपासून हे सातव्यांदा. त्यासाठीच तिला पाठवलं होतं — वांगी विकायला नव्हे, दिसायला. सतरा वर्षांची पोर डोक्यावर पाटी घेऊन दीड कोस चालत आली, हे लोकांनी पाहावं, म्हणजे कुणाला शंका नको. आणि तिकडे मळ्यातल्या घरात तिची आई डोक्याला फडकं बांधून, बाजेखाली शेगडी घेऊन, अकरा दिवस घाम गाळत पडलेली... त्याआधी चार महिने आईने पोटावर लुगड्याच्या घड्या बांधल्या होत्या आणि चतुराला हिवतापाचं निमित्त करून आतल्या खोलीत ठेवलं होतं. पोर पलीकडच्या मळ्यातल्या जानरावचं, तोही तिच्याच वयाचा. त्याला त्याच्या बापाने रिठदला मामाकडे धाडलं, त्याने पुन्हा तोंड दाखवलं नाही. उद्या बारसं. पाळण्यात घातला की पोर कायमचं गोजराबाईचं, आणि चैत्रात चतुरा मेडशीची सून.

"मी हाओ ना अजून," आई म्हणाली होती. "तुह्यं पुरं आयुष्य पडलं हाय." लोकांनी आणून दिलेले डिंकाचे लाडू ती स्वतः खात नव्हती, अंधारात चतुराच्या तोंडात भरवत होती. त्या हाताला नाही म्हणणं — ते मला जमलं नाही... अजून तरी जमेल का?

"मायचं दूध पुरते का त्याले? या वयात?" कस्तुराबाईने विचारलं.

"पुरते."

ऊन चिंचेच्या बुंध्याशी आलं. याच वेळी तो दुधासाठी उठतो. छातीवर आवळलेलं फडकं ओलं झालं, तसा तिने पदर पुढे ओढला. आई बोळ्याने शेळीचं दूध पाजू बघत असेल, तो तोंड फिरवत असेल, आणि बायका बसलेल्या असतील भोवती...

ती उठली.

"अवं, अर्धी पाटी रायली ना! अन् बारशाच्या घुगऱ्याचे हरभरे?"

"पाटी राहू द्या तुमच्यापाशी, मावशी."

"भावाचा लयच लळा वं तुले!" कस्तुराबाई हसली. "सासरी कशी जाशीन?"

वाटेला लागल्यावर, पोर माझं म्हटलं तर काय काय होईल, ते तिने एकेक करून मोजलं. मेडशीचं लग्न मोडेल. बाबा बोलणार नाहीत, ते बोलण्याहून वाईट. पंच जातीबाहेर टाकतील. आणि आईचं अकरा दिवसांचं शेकणं — लोक तिला खोटारडी म्हणतील, चव्हाट्यावर म्हणतील... इथे पाय अडखळला. हे बाकीच्यांसारखं बाजूला ठेवता येईना. आणि दुसरीकडे एवढंच की तो बोलायला लागेल, बहिणीला हाक मारतात तसं मला 'बाई' म्हणेल, आणि मी ओ देईन. जन्मभर ओ देत राहीन.

सकाळी याच वाटेने ती 'भाऊ झाला' हे घोकत आली होती, सहज, पाढ्यासारखं. आता तोंडात घेऊन पाहिलं, तर शब्द बाहेर निघेना.

आईला काय सांगायचं, कळत नव्हतं. बायकांसमोर की त्या गेल्यावर, तेही नाही. दुरून मोटेचा आवाज येऊ लागला. कोणी विचारेल, एवढ्या लवकर कशी आली — तिने पाऊल उचललं — विचारू दे.