बसीरेच्या कानात कोण सांगतं

रविवारी सकाळी दहा वाजता मालक रिफअत बे यांच्या कचेरीत पाय ठेवायला जागा उरत नसे. घरोघर पाण्याचे फिल्टर बसवणारी ही अलेक्झांड्रियातली कंपनी, माणसं मोजून चाळीस. पण रविवारी ती ऐंशी वाटत. गोदामातले हमाल हात पुसत वर येत, ड्रायव्हर गाड्या तशाच सोडून येत, हिशेबाच्या खोलीतल्या दोघी खुर्च्यांवर चढून उभ्या राहत. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे. चहावाला पडद्याखाली लोबानाची धुरी फिरवी. दृष्ट लागू नये म्हणून पडद्याच्या कोपऱ्याला त्यानं निळा मणीही टांगला होता, आणि टांगताना मान वळवून फोनवाल्या सुहैरकडे पाहिलं होतं. ते विसरायचं असं सुहैरनं ठरवलं होतं, आणि ते तिला रोज आठवत होतं.

पडद्यावर बसीरा बोले. बसीरा हे एक एआय यंत्र. तीन महिन्यांपूर्वी तामेर नावाचा तरुण इंजिनिअर कैरोहून ते घेऊन आला आणि त्यानंच त्याचं हे नाव ठेवलं. जिला आतलं दिसतं ती बसीरा. फिल्टरच्या देखभालीचा वर्षाचा करार कुठलं घर या आठवड्यात पुन्हा करणार, ते ती हिरव्या अक्षरांत सांगे. कोण सोडून जाणार, ते लाल अक्षरांत. पाणी गाळणाऱ्या नेहमीच्या सहा कँडलच्या जोडीला महागडी सातवी कँडल कोण घेणार, त्यांच्या नावापुढे सोनेरी तारा उमटे. आठवडा सरेपर्यंत दहांतली नऊ घरं तसंच करत.

"फिल्टर पाणी गाळतो," तामेर हात पसरून सांगे, "बसीरा माणसाचं मन गाळते." चाळीस खुणा ती जुळवते, म्हणे. त्या कुठल्या, असं एका ड्रायव्हरनं विचारलं तेव्हा तामेर दयेनं हसला आणि म्हणाला की समुद्र बादलीत मावत नाही. एखादं हिरवं घर आलंच नाही, तर तो म्हणे की बसीरेनं सांगितलं त्या दिवशी ते खरंच होतं, माणसानं मन नंतर बदललं. एखादं लाल घर आलं, तर बसीरेनं आधी बजावल्यामुळेच ते वाचलं. हमाल माना डोलावत. चूक व्हायची सोयच नव्हती.

सुहैर मागे, खिडकीपाशी उभी असे. करार टिकवण्यासाठी घरोघर फोन करणाऱ्या सहा बायकांतली ती सगळ्यांत जुनी. अकरा वर्षं झाली होती. कोणाच्या नवऱ्याला मुतखडा आहे, कोणाची सून पाण्याला वास येतो म्हणून रुसते, कोणाला सकाळी फोन केलेला चालत नाही, हे सगळं तिच्या जिभेवर होतं. आणि या अकरा वर्षांत रिफअत बे तिला एवढंच म्हणाले होते की मदाम सुहैर, टेलिफोनचं बिल जरा बघा. आता तेच बे पडद्यासमोर हात बांधून उभे राहत, नव्या नवरीकडे पाहावं तसे. सुहैरच्या छातीत काहीतरी करपे. घर तिचं, उंबरा तिचा, दिवा तिनं लावलेला, आणि आत नांदायला आली दुसरीच. यंत्राचा हेवा कोण करतं, असं ती स्वतःला विचारी. उत्तर येई, मी करते. सवतीचाही कुणी इतका केला नसेल.

मग बे यांनी जाहीर केलं की पुढच्या एक तारखेपासून फोनचं टेबल बंद. कोण येणार हे बसीरेला कळतंच, निरोपही तीच पाठवील. दोघींना गोदामात काम देता येतं का ते बघू, चौघींचं देव बघेल.

तामेर जाता जाता तिच्या टेबलापाशी थांबला. "मदाम, मनाला लावून घेऊ नका. मोटार आली तेव्हा गाढवं रडली नव्हती."

"गाढवांना कुणी विचारलं नव्हतं," सुहैर म्हणाली.

पुढच्या रविवारी पडद्यावर पहिलंच नाव हिरवं उमटलं ते इनायत यांचं. शंभरात अठ्ठ्याण्णव खात्री, वर सोनेरी तारा. गर्दीतून कौतुकाचा उद्गार निघाला. सुहैर मात्र दचकली. बुधवारी या तांत इनायतनं, म्हणजे इनायत मावशीनं, तिला फोनवर होकार दिला होता, सातव्या कँडलसकट. गुरुवारी त्यांचाच फोन आला: बाळा, मी लेकीकडे तांता शहरात चालले कायमची, फिल्टर काढून न्या. ज्या बाईनं घरातली भांडीही बांधून ठेवली होती, तिच्या मनात बसीरेला करार दिसत होता. सुहैरला वाटलं, हिला जर मन दिसतं, तर गुरुवारचं मन का दिसलं नाही? बुधवारचंच का दिसलं?

बुधवारी तिनं केलं काय होतं? नेहमीचंच. घरानं हो म्हटलं की गोदामातल्या बिशाराकाकांना निरोप द्यायचा, त्या घराच्या कँडल बाजूला काढून ठेवायला. करार झाला असं कॉम्प्युटरमध्ये मात्र लिहायचं नाही. मिस्त्री घरी जाऊन कँडल बदलतो, सही घेऊन येतो, मग लिहायचं. इथे तोंडी होकाराला कुणी करार समजत नसे. लोक नाही म्हणायला लाजतात आणि हो म्हणून मोकळे होतात. गुरुवारी काकांना कळवायचं ती विसरली होती, इतकंच.

ती जिना उतरून गोदामात गेली. बिशाराकाका म्हातारे, शिस्तीचे. बाजूला काढलेली प्रत्येक कँडल ते घराच्या नंबरासह गोदामाच्या कॉम्प्युटरमध्ये टिपत. राखीव फळीवर इनायत यांच्या सात कँडल अजून उभ्या होत्या. सुहैरनं बाकीचे नंबर वाचले. वरच्या पडद्यावर जी घरं हिरवी, तीच या फळीवर. जिथं सात कँडल, तिथं तारा.

"काका, तुमच्या या नोंदी कोण बघतं?"

"तो कैरोचा पोरगा आला त्या दिवशीच त्यानं तार जोडली," काका म्हणाले. "मला वाटलं तुला माहीत असेल."

सुहैर एका खोक्यावर बसली. तिला आधी रडू आलं, मग हसू. तीन महिने ती जिच्यावर जळत होती, ती सवत तिचेच शब्द तिला ऐकवत होती. सहा बायकांनी फोनवर घासाघीस करून मिळवलेला होकार गोदामात उतरे, तिथून पडद्यावर चढे, आणि लोक त्याला भविष्य म्हणत.

पण हेवा करणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? जळते म्हणून बोलते, असंच म्हणतील. आणि ती जळत होतीच. तेव्हा तिनं ठरवलं की आपण बोलायचं नाही, दाखवायचं. त्या आठवड्यात तिनं काकांकडून एका घरासाठी सात कँडल बाजूला काढून घेतल्या. आणि होकार दिलेल्या एका घराचा निरोप काकांना मुद्दाम दिला नाही.

रविवार उजाडला. धुरी फिरली, गर्दी दाटली, नावं उमटली. सगळ्यांत वर, सोनेरी ताऱ्यासह, व्हिला क्रमांक अकरा. खात्री सत्त्याण्णव.

"बे," सुहैर म्हणाली, "एक मिनिट खिडकीशी येता?"

आधी बे गेले, मग त्यांच्यामागे सगळी कचेरी. रस्त्यापलीकडे व्हिला क्रमांक अकरा उभा असायचा. मागच्या हिवाळ्यात तो पाडला, आणि आता तिथं तीन मजले खोल खड्डा होता. तळाशी गढूळ पाणी, त्यावर दोन बगळे.

एक हमाल म्हणाला की बगळ्यांना गाळलेलं पाणी हवं असेल, आणि खोली हसण्यानं हादरली.

तामेर म्हणाला की जुनी नोंद राहून गेली असेल, एका चुकीवरून बसीरेला तोलू नये. सुहैरनं मान हलवली आणि पडद्यावरच्या एका लाल नावावर बोट ठेवलं: मदाम जमालात, मुहर्रम बे वस्तीतल्या शिक्षिका, सोडून जाणार. तिनं स्पीकरवर फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "सुहैर? अगं मंगळवारी मी हो म्हटलं, अन् मिस्त्रीचा अजून पत्ता नाही. शाळेतली पोरंसुद्धा तुमच्यापेक्षा वक्तशीर."

मग सुहैरनं सगळं सांगितलं. व्हिलाच्या कँडल आपणच काढून ठेवायला लावल्या, जमालात यांच्या मुद्दाम ठेवल्या नाहीत, हेही लपवलं नाही. "यंत्राला मी खोटं सांगितलं, तर ते खोटं बोललं. खरं सांगायची, तेव्हा खरं बोलायचं. त्याला काही दिसत नाही, बे. आम्ही जे ऐकतो ते त्याला पोचतं, एवढंच."

रिफअत बे तामेरकडे वळून म्हणाले, "गोदामाची तार काढ. बाकीच्या एकोणचाळीस खुणांवर सांगू दे."

तामेरनं तार काढली. पडदा क्षणभर विझला, परत पेटला. हिरवं गेलं, लाल गेलं. सगळी नावं राखाडी, आणि प्रत्येकापुढे तोच आकडा, पन्नासच्या आसपास. नाणं फेकलं असतं तरी इतकंच कळलं असतं. तुला हे ठाऊक होतं का, असं बे यांनी विचारलं. तामेर खाली बघत म्हणाला की पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण सगळे इतके खूश होते.

फोनचं टेबल राहिलं. बसीराही राहिली, पण भिंतीवरून उतरून सुहैरच्या टेबलावर आली. कुठल्या घराची मुदत कधी संपते, कुठला निरोप द्यायचा राहिला, याची आठवण करून द्यायला. ते काम ती चोख करते. तांत इनायतच्या वेळची चूक परत झाली नाही. यंत्र वाईट नव्हतं. त्याच्यापुढे धुरी फिरवणं वाईट होतं. कुणी आतलं दिसतं म्हणालं, मग तो माणूस असो नाहीतर पडदा, तर हात जोडायच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: तुला हे कधी कळलं, आणि कुणाकडून? खऱ्याला या प्रश्नांची भीती नसते.

पुढच्या रविवारी दहा वाजता सवयीनं गर्दी जमली, आणि पडदा रिकामा पाहून सुहैरच्या टेबलाभोवती वळली. चहावाल्यानं धुरीचं भांडं तिच्यासमोर ठेवलं. "मदाम, आता तुम्हीच सांगा. या आठवड्यात कोण कोण येणार? तुम्हाला तर सगळ्यांची मनं कळतात."

चाळीस जोडी डोळे तिच्यावर होते. रिफअत बे हात बांधून उभे होते. अकरा वर्षं हव्याशा वाटलेल्या त्या नजरेची ऊब तिनं एक श्वासभर अंगावर घेतली. मग भांड्यावर बशी झाकली.

"मला कसं कळणार," ती म्हणाली. "विचारते आणि सांगते." आणि तिनं पहिल्या घराला फोन लावला.