आडवी पडणारी टोपली

माझ्या सुनेनं वजन पळवणारी टोपली बनवली. टोपली हे नाव माझं. कागदोपत्री ते यान आहे, पण पत्र्याचा गोल घेर, आत एकच खुर्ची आणि वर काचेचं झाकण, एवढ्याला मी यान म्हणणार नाही.

माझा लेक आणि सून एकाच कारखान्यात, मागच्या शेडमध्ये खपत होते. जेवायला बसले की त्यांचं ठरलेलं भांडण. लेक म्हणे, टोपली खालून जमिनीला रेटा देते म्हणून उचलली जाते. पुढे जायचं तर मागूनही रेटाच हवा. सून म्हणे, "रेट्याचा संबंधच नाही. 'खाली' कुठे, एवढंच मी बदलते. खालची बाजू समोर आणली की टोपली समोर पडते."

"पडते? मग फुटेल की," मी म्हटलं.

"आपटली तर फुटेल, आई. थांबवायची झाली की 'खाली' मागे नेते मी. पडताना काय लागतंय? आणि आतलं सगळं, माणूस, खुर्ची, केसातली पिन, एकाच वेगानं पडतं. मग धक्का कोण कुणाला देणार?"

मला शाळा फारशी ठाऊक नाही. पण बोलता बोलता तिचा वाढायचा डाव तसाच हवेत राहिला होता. पोरीची खात्री होती, एवढं मला कळलं.

तपासणीच्या दिवशी परवानगी देणारे साहेब आले, तेव्हा मीही शेडमध्ये चहा घेत बसले होते. त्यांनी नाही म्हटलं की शेडला कुलूप आणि सुनेची सगळी मेहनत भंगारात. आत डोकावून त्यांनी पहिलंच विचारलं, "पट्टे कुठे आहेत?"

"लागत नाहीत," सून म्हणाली.

"सुसाट जाऊन एकदम थांबली तर माणूस काचेवर आदळेल. तुमचे यजमानही तेच म्हणतायत."

मी लेकाकडे डोळे वटारून बघितलं. तो बुटांकडे बघायला लागला. "आई, मी नुसती शंका काढली."

"घरातल्या शंका चारचौघांत काढतोस?"

साहेब म्हणाले, "बिनपट्ट्याचं बसून दाखवेल कुणी?"

सुनेला बटणांपाशी थांबणं भाग होतं. लेक म्हणाला, "वाळूचं पोतं बसवू या."

"पोत्याची मान मोडत नाही," साहेब म्हणाले.

मी चहाचा कप हातात घेऊनच उठले. "मी बसते."

"आजी, तुम्ही..."

"आजी मी माझ्या नातवंडांची. बाजूला व्हा."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, नको. माझं काही चुकलं असेल तर?"

"सकाळपर्यंत चुकलं नव्हतं. साहेबांना बघून चुकलं? दाब बटण."

झाकण लागलं. एक बारीक गुणगुण सुरू झाली आणि माझे सदा कुरकुरणारे गुडघे गप्प झाले. चहा कपातून निघाला, त्याचा गोळा झाला आणि माझ्या नाकासमोर डुलायला लागला. मग आवाराची भिंत माझ्या अंगावर धावून आली. जीव मुठीत होता, खोटं कशाला बोलू? पण डोळे मी मिटले नाहीत. बाहेर सगळे बघत होते ना!

भिंतीपासून हातभर अंतरावर टोपली थांबली. म्हणजे बाहेरच्यांना तसं दिसलं, खिळा ठोकावा तशी. साहेबांनी तर तोंडावर हात घेतला होता म्हणे. आत मात्र काहीच झालं नाही. ना हिसका, ना झोल. चहाचा गोळा होता तिथेच डुलत होता. मग टोपली तशीच उलट दिशेला पडत जागेवर आली. अंगात हळूहळू वजन भरलं, गोळा खाली झुकायला लागला, तसा मी कप पुढे केला. गेला आत गुमान.

साहेबांनी खुर्ची चाचपली, खालचा पत्रा चाचपला. थेंबसुद्धा नाही. मी त्यांच्यासमोर चहाचा घोट घेतला.

"थंड झालाय," मी म्हटलं. "सही करून झाली की दुसरा सांगा."

सही झाली. शेडमधली माणसं असली ओरडली की पत्रे दणाणले. सून माझ्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली.

"अगं, आडवी पडून आले मी, आणि रडतेस तू?" मी तिचं नाक पुसलं. माझंही जरा पुसलं.

लेक अंग चोरून जवळ आला. "आई, मी एकदा बसू?"

"मला काय विचारतोस? मालकीणबाईंना विचार. आणि पट्टा मागू नकोस."