फिरती खुर्ची आणि राखणदार

खुर्ची फिरती होती आणि ती महादेवासाठी होती. डिचोलीच्या त्या ऑफिसात एकतीस वर्षांत आलेली ही पहिली चाकांची खुर्ची. तिच्यावरचं प्लास्टिक महादेवानं फाडलं नाही, नीट घडी करून खणात ठेवलं. हेसुद्धा जयरामानं पाहून ठेवलं.

"बस रे जयरामा, एक फेरी मारून बघ," महादेव म्हणाला.

"नको. माका चक्कर येता," म्हणून जयराम आपल्या लाकडी स्टुलावर टेकला. चक्कर त्याला खरंच आली होती, फक्त खुर्चीत न बसताच.

दोघेही त्या ऑफिसातले ड्राफ्ट्समन. दोघांनी एकाच महिन्यात टी-स्क्वेअर हातात घेतला, एकाच ब्लेडनं ट्रेसिंगवरची शाई खरवडली आणि पुढे एकाच वर्षी कॉम्प्युटरला घाबरले. अशात मांद्र्याला एका गेस्टहाऊसचं काम आलं आणि मुंबईच्या आर्किटेक्टनं कळवलं की ते 'बिम'मध्येच हवं. नुसत्या रेघा चालणार नाहीत, कॉम्प्युटरात अख्खी इमारत उभी करायची. त्यातल्या भिंतीला आपण भिंत आहोत हे ठाऊक असतं, आणि विचारलं तर चिरे किती लागतील तेही ती सांगते. हे शिकायला इंजिनियर प्रशांतबाब एकालाच पाठवणार होते. महादेव दीड वर्षानं लहान, म्हणून महादेव गेला, आणि परतल्यावर खुर्चीही त्यालाच आली. या दीड वर्षाचा जयरामाला याआधी कधी त्रास झाला नव्हता.

पणजीला महिनाभर शिकून महादेव परतला तो भाषा बदलून. पाइप आणि तुळई एकाच जागी आली की कॉम्प्युटर तिथं तांबडं दाखवतो, त्याला क्लॅश म्हणतात. महादेवाला आता दाराशी समोरून कुणी आडवं आलं तरी क्लॅश व्हायचा. प्रशांतबाब हसायचे. पूर्वी ते जयरामाच्या विनोदांना हसत.

जयरामानं म्हापशात रविवारचा क्लास लावला. ऑफिसात सांगायची सोय नव्हती, कारण महादेवाच्या मागून शिकायला गेला असं झालं असतं. घरी त्यानं गुडघ्याच्या उपचाराचं नाव काढलं. क्लासात सगळी विशीतली पोरं. शिकवणारी मुळगावची गौरवी, त्याच्या धाकट्या लेकीपेक्षा लहान. पहिल्याच दिवशी तिनं त्याला विचारलं, "काका, तुम्ही कुणाला सोडायला आलात?"

पण हात बसला होता, नजर तयार होती. चौथ्या रविवारी पोरं त्याच्या स्क्रीनमध्ये डोकावू लागली. घरी मात्र बायको, चंद्रावती, त्याच्या लंगडण्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "आज उजवो गुडघो? गेल्या आयतारा डावो होतो."

एका सोमवारी महादेवानं स्क्रीन सगळ्यांकडे वळवला. मांद्र्याचं गेस्टहाऊस पूर्ण झालं होतं, पायापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. "क्लॅश शून्य," तो म्हणाला. प्रशांतबाबनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप जयरामाला आपल्या पाठीवरून काढून नेल्यासारखी वाटली.

मग त्याची नजर ईशान्येच्या कोपऱ्यावर गेली आणि त्याला फार बरं वाटलं.

तिथं सेप्टिक टँक होती. ती जमीन जयरामानं वीस वर्षांपूर्वी टेप धरून मोजली होती, जुन्या मालकासाठी. त्या कोपऱ्यात ओवळीच्या झाडाखाली राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा, पाषाण आहे. गाव त्याला वर्षाला रोटाचा नैवेद्य देतो. सर्व्हेच्या नकाशात तो नाही, कारण राखणदाराच्या नावावर जमिनीचा एक-चौदाचा उतारा निघत नाही. जयरामाच्या हाताच्या प्लॅनमध्ये मात्र अशा जागी एक बारीक रिकामं वर्तुळ असायचं. त्यात काही लिहिलेलं नसे आणि गवंड्याला ते विचारावं लागत नसे. महादेवाला हे कळायचा मार्ग नव्हता. उन्हानं पित्त उठतं म्हणून तो जन्मात साइटवर गेलेला नाही.

तीन दिवस जयराम सुखात होता. मांद्र्यात खणायला येणार तो बाबली मिस्त्री. तो पाषाण बघून पिकाव खाली टाकील, काम थांबेल, मुंबईपर्यंत बोंब जाईल. मग खुर्ची कितीही फिरो. तीन दिवस त्यानं जेवणही चवीनं केलं.

गुरुवारी चार वाजता मॉडेल मुंबईला जायचं होतं. सकाळपासून जयरामाचं कामात लक्ष लागेना. त्याला राखणदाराची भीती नव्हती, महादेवाबद्दल दया तर मुळीच नव्हती. पण एकतीस वर्षांत त्या ऑफिसातून चुकलेला कागद त्याच्या देखत बाहेर गेला नव्हता. ही सवय वाईट. तिला मत्सराचंही कळत नाही. रविवारी गौरवी सहज म्हणाली होती ते सारखं आठवत होतं: "काका, मॉडेलात जे घातलं नाही, ते कॉम्प्युटरच्या लेखी जगातच नाही."

दुपारी महादेव जेवायला घरी गेला. मशीन बंद केलं तर परत सुरू होईल याची त्याला खात्री नसे, म्हणून ते चालूच असायचं. जयराम फिरत्या खुर्चीत बसला. पाय जमिनीला पोचेनात, महादेव उंच. दांडा ओढून त्यानं खुर्ची खाली घेतली. ओवळीखाली तीन फुटांचा दगड घातला. कॉम्प्युटरनं विचारलं, हे कशात मोडतं? यादीत फर्निचर होतं, नळकाम होतं, यंत्रसामग्री होती. राखणदार सगळ्या गावभर फिरतो, तेव्हा फर्निचर म्हणणं बरं दिसेना. त्यानं यंत्रसामग्री निवडली आणि नावाच्या जागी 'राखणदार' लिहिलं. तांबडं उमटलं: क्लॅश एक.

तीन वाजता महादेवानं प्रशांतबाबांसमोर शेवटची तपासणी लावली. तांबडं बघून तो स्क्रीनवर वाकला. प्रशांतबाबनी नाव वाचलं, लगेच मांद्र्याला फोन केला, आणि फोन ठेवून महादेवाकडे बघतच राहिले. "साइटवर न जाता तुका कसो कळलो रे हो?"

महादेवानं एकदा खाली गेलेल्या खुर्चीच्या दांड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बिम म्हणजे तसाच असता, बाब."

जयरामानं पेन्सिलीला टोक काढलं. टोक होतंच.

पाया खणायच्या दिवशी सगळे मांद्र्याला गेले. टँक पलीकडे सरकली होती. बाबलीनं पाषाणापुढे नारळ फोडला आणि पहिलं शकल महादेवाला दिलं. "कागदार राखणदार पयलेच फावटी बघतंय," तो म्हणाला. डोक्यावर टॉवेल घेतलेल्या महादेवानं मान लववली. सगळे चहाकडे वळल्यावर जयरामानं कुंपणाच्या गडग्यापासून पाषाणापर्यंत विती टाकल्या. वीस वर्षांच्या आठवणीवर मॉडेलात घातलेला दगड चार बोटं चुकला होता. चार बोटं फार नाहीत. पण हे सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महादेव जागेवरून उठला. "जेवून येतंय. मशीन चालू आसा," तो दाराकडे बघत म्हणाला. असं सांगून तो कधी जात नसे.

जयराम खुर्चीपाशी आला. ती खाली घेतलेली होती, बरोबर त्याच्या पायांच्या मापाची. तो उभाच राहिला. मोठेपणा दाखवण्यातही हा दीड वर्षांनी लहान माणूस पुढे गेला होता, आणि आता त्याचाही मत्सर करावा लागणार होता.

मग तो बसला. पाय जमिनीला टेकले. त्यानं राखणदाराला चार बोटं उत्तरेला सरकवलं, आणि उठताना दांडा ओढून खुर्ची महादेवाच्या उंचीला आणून ठेवली.