भालूच्या फोटोतली सावली

भालू निजलाय तेवढ्यात लिहिते.

सासूबाई गेल्यावर धाकट्या दिरांना जाऊबाईंनीच वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नाही. दीर त्यांना आई म्हणतात, मला वहिनी. भालूनं कानावर पडलं तेच उचललं. माझ्या पोटचं दोन वर्षांचं पोर मला वहिनी म्हणतं आणि जाऊबाईंना आई. घरात सगळे हसतात. मीही हसते. मग चुलीपुढे जाऊन पेटलेलीच लाकडं फुंकत बसते.

हे मंठ्याच्या शाळेत मास्तर. यांनी हैदराबादेहून डब्यासारखा कॅमेरा आणला आणि मला शिकवला. "सूर्य पाठीशी घ्यायचा. डबा पोटाशी धरायचा. मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं अन् खटका दाबायचा." सुनेला सोपंच की. मान खालीच, तरी सगळ्यांकडे डोळे भरून बघता येतं. मी गाय काढली, तुळस काढली. पण हवा होता तो एकच फोटो, भालू माझ्या मांडीवर असलेला.

हे खटका दाबायला उभे राहिले, तर भालू माझ्याकडे क्षणभर टिकेना. जाऊबाईंनी उचलला की चिडीचूप.

"मंग मीच घेऊन बसते की," जाऊबाई म्हणाल्या आणि ठेवणीतलं इरकल नेसून आल्या.

"तू काढ," यांनी डबा माझ्या हातात दिला.

काचेत दोघं दिसली. एवढीशी, लख्ख. परक्यानं पाहिलं तर मायलेकरंच म्हणेल. माझा हात खाली झुकला. जाऊबाईंचं कुंकू काचेबाहेर गेलं, मग हनुवटी. मी खटका दाबला.

रीळ जालन्याला धुवायला गेलं. जाऊबाई महिनाभर विचारत होत्या, "आला का गं फोटो?"

आला तेव्हा दीर हसून लोळले. "आईचं मुंडकं कुठाय?"

"नवशिकी आहे, हात हलला असंल," हे म्हणाले. हात हलला नव्हता.

जाऊबाईंनी भालूला जवळ घेतलं. "हे कोण रे?"

बिनमुंडक्याच्या लुगड्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "आई." नुसत्या हातांवरून ओळखलं.

"अन् हे काळं काय?"

डोक्यावर पदर घेतलेली एक सावली अंगणातून लांबत भालूच्या पायांपर्यंत आली होती. सूर्य पाठीशी होता ना. खटका दाबताना मला ती दिसलीच नव्हती.

"वहिनी," भालू म्हणाला.

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवं रीळ आलंय न्हाई का? आता तू बस. मी काढते."

"तुम्हाला कुठं येतं?"

"मान खालीच घालायची ना? वीस वर्षं तेच करून राह्यले."

भालू माझ्या मांडीवर निवांत बसला, कारण समोर त्या उभ्या होत्या. जाऊबाईंनी डबा पोटाशी धरला. त्यांचा हात कितपत झुकलाय ते मला कळेना. मी आपली बसल्या जागी मान खाली खाली घेत गेले, काचेत मावावं म्हणून.