आईच्या बरणीतला गाळ

फळीवरून स्टीलची वाटी घरंगळली आणि टण्णकन फरशीवर पडली. दुपारच्या निजलेल्या घरात तेवढाच आवाज. फेलिशियाने वर पाहिलं. वाट्यांच्या ओळीमागे आईची चिनीमातीची बरणी असायची. तिथे नुसता गोल डाग उरला होता.

इकडे परातीत काळी द्राक्षं कुस्करून तयार. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच नाताळ. तिच्या चवीची वाइन फेलिशियाला एकदा तरी जमवायची होती, आणि ती चव होती बरणीच्या तळाशी. आई ती बरणी कधी धूत नसे. गेल्या वर्षीचा गाळ तसाच ठेवायचा, वर नवा रस घालायचा, दह्याच्या विरजणासारखं.

"बरणी ना? म्युझियमला दिली," तिचा नवरा कॅल्विन छाती फुगवून म्हणाला. "निर्मळ गावात वाइनचं उघडलंय ते. आईंचं नावही लावणार आहेत."

"आणि आतला गाळ?"

"म्हणजे... ती तळाची घाण?"

कॅल्विनच्या घरी यीस्ट पुडीतून यायचं. त्याला काय बोलणार! फेलिशियाने परातीवर फडकं टाकलं, पाच वर्षांच्या एमिलीला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि निघाली.

म्युझियम म्हणजे जुन्या शाळेचे दोन वर्ग. जांभळं कुस्करायचा लाकडी दांडा, रस गाळून गाळून जांभळं झालेलं पांढरं धोतर, वेताच्या टोपलीत बसवलेली ढेरपोटी बाटली.

"मम्मी, ही बाटली टोपलीत का बसलीय?"

"फुटू नये म्हणून."

"आणि धोतर कुणाचं?"

फेलिशिया खरं तर भांडायला आली होती. पण धोतर कुणाचं असेल, हे बघायला तीही वाकली. मग तिला कोपऱ्यातली बरणी दिसली. आतून बाहेरून लख्ख.

"मीच घासली, चिंच लावून," इझाबेल मावशी खुर्चीतून म्हणाली. आईची ही शेजारीण रविवारी इथे बसायची. "नाहीतर मुंग्यांची जत्रा भरली असती. अगं, रडतेस काय?"

फेलिशियाने परातीतल्या द्राक्षांचं सांगितलं. मावशी खो खो हसली.

"वेडी गं बाय! तुझ्या आईने तुला सोनं दिलं, गाळ मला दिला. दर नाताळला वाटीभर. माझ्याकडे नांदतोय अजून. चल घरी."

दुसऱ्या दिवशी फेलिशियाच्या काचेच्या बरणीत बारीक बुडबुडे वर येऊ लागले. एमिलीने काचेला कान लावला.

"आत कोण बोलतंय?"

"गाळ. जिवंत असतो तो. आजीला तिच्या आईने दिलेला."

"आजीच्या आईपासून जिवंत आहे?"

"हो."

एमिली बराच वेळ बुडबुडे बघत राहिली.

"मग हा नाही मेला, तर आजी कशी मेली?"