पेट्यांवरचा पत्ता

बदलीची ऑर्डर आली म्हणजे आली, तिच्यावर रागवायचं नसतं, हे लष्करी छावणीतल्या बायका लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकतात. कानवाल्या बाईंना तर अकरा वर्षांत पाच वेळा शिकावं लागलं होतं. दर वेळी चालू नोकरीवर पाणी सोडायचं, पेट्या भरायच्या आणि नव्या गावात पुन्हा कुठल्यातरी तात्पुरत्या जागेवर हजर व्हायचं. लोकांचे कान तपासून ऐकण्याचं यंत्र बसवून देणं हे त्यांचं काम. म्हणून हे नाव. ठेवलं पेशंटांनी आणि चेष्टेत उचललं नवऱ्याने.

या गावात मात्र त्यांचा जीव गुंतला. हॉस्पिटलने शब्द दिला होता की अजून वर्षभर राहिलात तर कान विभागाची कायमची जागा तुमची. नवऱ्याने त्याहून मोठा शब्द दिला.

"बायकोची नोकरी असली तर त्याच गावात दोन वर्षं वाढवून मिळतात," तो म्हणाला. "फॉर्ममध्ये तसा रकानाच असतो. तू हॉस्पिटलचा दाखला आणून दे, बाकी माझ्यावर सोड."

बाईंनी दाखला आणला, प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्याच्या हातात दिला आणि बाकी त्याच्यावर सोडलं. फॉर्म साहेब लोकांनी भरायचा, बायकांनी बघायचाही नाही, अशी तिथली रीत. त्या भरवशावर त्यांनी घर घेतलं.

घर बघतानाची गंमत एजंट अजून सांगतो. लोक पाणी किती वेळ येतं ते विचारतात, गाडी कुठे लावायची ते बघतात. या बाई आवाज मोजायचं मीटर घेऊन मागच्या खोलीत उभ्या. सकाळी आल्या, दुपारी आल्या, समोरची शाळा सुटते तेव्हाही आल्या. शेवटी एजंट वैतागला. "मॅडम, घर घ्यायचंय की ऐकायचंय?" पण खोली शांत निघाली. पुढेमागे तिथे कान तपासायचं स्वतःचं केंद्र काढायचं, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं. राहायला जायच्या आधीच त्यांनी त्या दाराच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावून घेतल्या.

आणि खिळा. सरकारी घराच्या भिंतीत खिळा ठोकला की सोडताना भोक बुजवून द्यावं लागतं, वर दहा ठिकाणी सही. त्यामुळे लग्नात मिळालेलं घड्याळ अकरा वर्षं कपाटावर भिंतीला टेकून उभं होतं. नव्या घरात पहिला खिळा नवऱ्याने ठोकला, स्टुलावर चढून, दुसरा खिळा दातांत धरून. घड्याळ लावून खाली उतरला आणि म्हणाला, "घ्या, झालात घरमालकीण." मुलीने टाळ्या पिटल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि भिंतीची धूळ गेली असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली.

सहा महिन्यांनी, एका सोमवारी, ऑर्डर आली.

"काय करणार, वरून आलंय," नवरा बूट काढता काढता म्हणाला. "महिन्याभरात निघायचं."

"दाखला लावला होतास ना?"

"लावला होता. ऐकतंय कोण."

"मी जाऊन विचारू का?"

"नको. मी सगळ्यांशी बोललोय. तू गेलीस तर उगाच बोभाटा होईल."

बाई दोन दिवस गप्प बसल्या. पण हॉस्पिटलमध्ये मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, राहताय ना, आणि त्यांच्याने नाही म्हणवेना. कार्यालयात कुणीतरी घोळ घातला असणार, दाखला कुठल्यातरी फायलीत जाऊन बसला असणार, अशी त्यांची खात्री होती. नवऱ्याबद्दल तसूभर शंका नव्हती. उलट त्याच्यावर अन्याय झालाय याचाच त्यांना राग आला होता. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, अंगावरचा पांढरा कोटही न काढता, त्या छावणीच्या कार्यालयात गेल्या.

तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाच्या डाव्या कानात बाईंनीच बसवलेलं यंत्र होतं.

"बसा बाई," तो म्हणाला. "तुमच्या कृपेने आता वरच्यांच्या शिव्यासुद्धा स्वच्छ ऐकू येतात."

"आमचा दाखला हरवलाय का, तेवढं बघता?"

कारकुनाने फाईल काढली, पानं उलटली. एका पानावर बोट ठेवलं. "दाखला लावलेलाच नाही. आणि लावायचं कारणही नाही, बाई." त्याने फाईल त्यांच्याकडे फिरवली. "मी तुम्हाला काही दाखवलेलं नाही," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला.

बायको नोकरी करते का, या रकान्यात लिहिलं होतं, नाही, गृहिणी. अक्षर नवऱ्याचं. खाली, कुठे जायची इच्छा आहे, तिथे पहिल्या क्रमांकावर तेच गाव, जिथली ऑर्डर सोमवारी आली होती. सहीखालची तारीख पहिला खिळा ठोकला त्याच्या दोन महिने आधीची, घर घ्यायच्याही आधीची.

ऑर्डरीवर रागवायचं नसतं, ठीक आहे. पण ही ऑर्डर आली नव्हती, मागवली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाराच सोमवारपासून त्यांचं सांत्वन करत होता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हॉस्पिटलला परत न जाता थेट घरी आल्या.

व्हरांड्यात एकोणीस काळ्या पेट्या मांडल्या होत्या आणि छावणीचा पेंटर पांढऱ्या रंगाने त्यांच्यावर नव्या गावाचा पत्ता घालत होता. पेट्यांचे नंबर वर्षानुवर्षांचे. एक ते नऊ साहेबांच्या, दहापासून पुढे बाईंच्या आणि घरच्या, चौदावी मुलीची. नऊ पेट्या रंगवून झाल्या होत्या. आत नवरा जुन्या चादरीत काचेचे पेले गुंडाळत होता.

"दाखला कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

नवऱ्याने त्यांच्या कोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "तो कारकून फार बोलतो," तो म्हणाला.

"दाखला कुठे आहे?"

"ड्रॉवरमध्ये. बल्बांच्या खाली."

दाखला तिथेच होता. पाकिटाचं तोंडसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"ऐकून तरी घे," तो म्हणाला. "तिथे स्वतःची तुकडी मिळतेय मला. रकान्यात हो लिहिलं असतं तर यादीतून नावच उडालं असतं. पुन्हा नसतं मिळालं."

"मग मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"तुला काय, कुठेही काम मिळतं. कान सगळीकडे असतात." तो हसायला लागला आणि मधेच थांबला.

"मग हे घर कशाला घेऊ दिलंस?"

"तू इतकी खूश होतीस. म्हटलं, घर तरी होऊ दे. भाड्याने देऊ."

हे त्याने उपकार केल्यासारखं सांगितलं. बाईंना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. नोकरी याआधीही गेली होती, ती गेल्याचं दुःख त्यांच्या ओळखीचं होतं. पण आपला आनंद समोर उभं राहून बघायचा, त्याला टाळी द्यायची आणि खिशात ही तारीख बाळगायची, असं त्यांच्याशी आजवर कुणी केलं नव्हतं.

"खिळा ठोकताना तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. पेला हातातच राहिला.

बाई व्हरांड्यात आल्या. पेंटर दहाव्या पेटीवर खडूने रेघा आखत होता.

"काका, थांबा. दहापासून पुढे पत्ता घालू नका."

"पत्ता नसला तर ट्रकवाले पेटी चढवत नाहीत, बाई."

"मला माहीत आहे."

पेंटरने दाराकडे पाहिलं. तिथे साहेब येऊन उभे होते.

"अगं, पण चौदावी पेटी तिची आहे," नवरा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तू एकटीने कसं ठरवतेस? मुलीचं काय?"

"शाळा सुटली की येईलच ती," बाई म्हणाल्या, आणि पेंटरकडे वळल्या. "चौदा नंबर तूर्त कोरी राहू दे, काका. मी तिला विचारून सांगते."